पहिल्या दुर्बिणीचा पहिला महिना

सांगली,
दिवाळीनंतरचा रविवार

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

दुर्बीण साताऱ्याला पोचल्याचं आजोबांनी कळवलं. दोन खोकी आहेत. लांब खोक्यात नळी आहे आणि चपट्यात बैठकीच्या फळ्या. आधी चपटं उघड. आज आकाश बघायचं नाही, आज नुसतं सुतारकाम.

फळ्या पार्टिकल बोर्डाच्या आहेत. सगळे स्क्रू आधी अर्धवट बसव, बैठक सपाट फरशीवर उभी करून गुण्यात आहे का बघ, मग आवळ. एकेक स्क्रू पूर्ण आवळत गेलीस तर शेवटचं भोक जुळत नाही, आणि जोर लावला की भोकातला भुसा निघून स्क्रू नुसता फिरत राहतो. खालच्या दोन गोल फळ्यांमधला बोल्ट मात्र गच्च करायचा नाही. वरची फळी एका बोटाने ढकलल्यावर फिरावी आणि बोट काढलं की थांबावी, इतपतच. हा बोल्ट घट्ट राहिला तर ग्रह मधोमध आणताना नळी आधी अडते आणि मग एकदम पुढे सरकते. वैताग येतो आणि दोष दुर्बिणीला मिळतो.

मैत्रिणीच्या दुर्बिणीच्या खोक्यावर ५२५ पट लिहिलंय आणि आपल्या खोक्यावर असं काहीच नाही, अशी तुझी तक्रार होती. तो आकडा कसा येतो बघ. तिची नळी ७०० मिलिमीटर नाभीय अंतराची, म्हणजे भिंगापासून चित्र जुळतं तिथपर्यंतचं अंतर. त्याला ४ मिलिमीटरच्या आयपीसने, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाने, भागलं की १७५, आणि वर तिप्पट करणारी बार्लो लेन्स लावली की ५२५. हिशोब बरोबर आहे, पण ७० मिलिमीटरच्या भिंगातून १४० पटींच्या पुढे नुसता धूसर डाग दिसतो. भिंगाचा किंवा आरशाचा व्यास मिलिमीटरमध्ये घे आणि दुप्पट कर, ती वरची हद्द. तुझा आरसा १५० मिलिमीटरचा, म्हणजे कागदावर ३००. आपल्याकडच्या हवेत बहुतेक रात्री १५०च्या आसपासच थांबावं लागतं. तुझं नाभीय अंतर १२००, म्हणून २५चा आयपीस ४८ पट देतो आणि १०चा १२० पट. पहिला महिनाभर २५चाच वापर. त्यात साधारण एक अंश आकाश मावतं, म्हणजे दोन चंद्र शेजारी शेजारी बसतील एवढं. १०च्या आयपीसने हवी ती वस्तू शोधणं जवळपास अशक्य असतं. आधी २५ने सापडव, मधोमध आण, मगच १० लाव.

एक गोष्ट मात्र दरडावून सांगते. सूर्याकडे नळी करायची नाही, फाइंडरसुद्धा (नेम धरायला नळीवर बसवलेली छोटी दुर्बीण) नाही. आयपीसवर बसवायची काळी काच कुणी देऊ केली तर घेऊ नकोस. आरशाने गोळा केलेली सगळी उष्णता त्या बोटभर काचेवर पडते, ती तडकते आणि पुढे तुझा डोळा असतो. सूर्याचा फिल्टर नळीच्या तोंडावर, पूर्ण तोंड झाकणारा लागतो. तो आपल्याकडे नाही. दिवसा गच्चीवर दुर्बीण उघडी ठेवायची नाही.

फाइंडर जुळवायचं काम दिवेलागणीला, सूर्य पूर्ण मावळल्यावर कर. २५चा आयपीस लावून अजिंक्यताऱ्यावरच्या टॉवरचं टोक मधोमध आण. चित्र उलटं दिसेल, ते तसंच असतं. मग नळीला धक्का न लावता फाइंडरचे दोन स्क्रू फिरवून तेच टोक फुलीवर आण. १०चा आयपीस लावून पुन्हा एकदा तेच कर. रात्री खात्री करायला ध्रुवतारा घे, कारण तो जागचा हलत नाही. साताऱ्याहून तो साडेसतरा अंशांवरच असतो. हात लांब करून वीत क्षितिजावर उभी धरलीस, तर तिच्या टोकाच्या जरा खाली. उत्तरेला इमारत असेल तर तो सापडणार नाही, मग टॉवरवरच भागव.

पहिल्या रात्री हमखास अडतं ते सांगते. काहीच दिसत नाही: तोंडावरच्या मोठ्या झाकणात एक छोटं झाकण असतं, पुष्कळ जण तेवढंच काढतात. पूर्ण झाकण काढ. तारा मेदूवड्यासारखा दिसतो, मध्ये काळं भोक: तो ग्रह नव्हे, फोकस सुटलाय. ते भोक म्हणजे नळीतल्या छोट्या आरशाची सावली. वडा लहान होत जाईल त्या दिशेने फोकसर (आयपीस पुढे-मागे सरकवणारा भाग) फिरव, टिंब झालं की थांब. फोकसर फिरवून वडा मोठा केल्यावर भोक एका बाजूला सरकलेलं दिसलं तर आरसे हललेत, कॉलिमेशन, म्हणजे आरसे पुन्हा एका रेषेत जुळवणं, करावं लागेल. वाहतुकीत हे होतंच.

त्यासाठी फोकसरच्या प्लॅस्टिकच्या टोपणाला बरोबर मध्ये दीड-दोन मिलिमीटरचं भोक पाड आणि दिवसा घरात त्यातून बघ. छोट्या आरशात मोठ्या आरशाची पूर्ण गोल कड दिसली पाहिजे. कड कापली जात असेल तर छोट्या आरशामागचे तीन स्क्रू अगदी थोडे, पाव-पाव फेरा फिरवायचे. हे करताना नळी आडवी ठेव. उभ्या नळीत अॅलन की हातातून सुटली तर थेट मोठ्या आरशावर पडते. मोठ्या आरशाच्या मध्यावर एक कडं चिकटवलेलं आहे. तुझ्या टोपणाच्या भोकाचं काळं टिंब त्या कड्यात आणायचं. त्यासाठी नळीच्या बुडाशी दोन तऱ्हेचे स्क्रू आहेत. आधी कुलपाचे सैल कर, मग स्प्रिंगचे फिरव, शेवटी कुलपाचे हलकेच लाव. आवळताना टिंब पुन्हा सरकतं, म्हणून बघत बघत आवळ.

चंद्र कधी बघायचा ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिथी बघून ठरव. पंचमीपासून दशमीपर्यंतचे दिवस उत्तम. उजेड-अंधाराच्या सीमेवर सूर्य तिरका असतो, त्यामुळे विवरांच्या सावल्या लांब पडतात. अष्टमीच्या सुमारास त्या सीमेवर टॉलेमियस, अल्फॉन्सस आणि अर्झाकेल ही तीन मोठी विवरं एका ओळीत दिसतात. तुळशीच्या लग्नापर्यंत चंद्र फार उजळ होतो, आणि त्रिपुरी पौर्णिमेला तर तो नुसता पांढरा फटक. सावली नाही, काही नाही.

शनी संध्याकाळी आहे. त्याची कडी बघून हिरमुसू नकोस. २०२५च्या मार्चमध्ये तिची कड आपल्याकडे होती, त्यामुळे अजून ती चिंचोळी आहे. ती हळूहळू उघडेल, २०३२च्या सुमारास सर्वांत रुंद. गुरू सध्या पहाटे उंच असतो. तो पृथ्वीच्या जवळ असताना ४८ पटींत नुसत्या डोळ्यांनी दिसणाऱ्या चंद्रापेक्षा जरासा मोठाच असतो. तरी बघणारे सगळे "एवढासाच?" म्हणतात. आयपीसमधल्या रिकाम्या काळोखामुळे तसं वाटतं. दोन-तीन मिनिटं टक लावून बघ. हवा क्षणभर स्थिर होते तेव्हा पट्टे उठून दिसतात. १२० पटींत ग्रह पावणेदोन मिनिटांत या कडेकडून त्या कडेला जातो, म्हणून त्याला कडेशी सोड आणि मधोमध येऊ दे.

अमावस्येच्या आसपास देवयानीची दीर्घिका बघ. शर्मिष्ठा तारकासमूह इंग्रजी एमसारखा दिसतो, त्याची जास्त टोकदार बाजू तिच्याकडे बोट दाखवते. फोटोतल्यासारखी चक्राकार दिसणार नाही, राखाडी लांबट ढग दिसेल, आणि तोही नजर थोडी बाजूला ठेवलीस तर. तो उजेड २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला आहे. कृत्तिका २५च्या आयपीसमध्ये मावत नाहीत, त्या फाइंडरमधून बघ. मृगातला तेजोमेघ जानेवारीपर्यंत राहू दे, तेव्हा तो जेवणानंतर लगेच वर आलेला असतो. मे महिन्यात वळवाच्या ढगांनी साथ दिली तर दक्षिणेला नरतुरंग तारकासमूहातला ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ आहे. साताऱ्याहून तो २५ अंशांपर्यंत चढतो. लंडनहून तो कधीच उगवत नाही.

गच्चीपेक्षा अंगण बरं. गच्चीचा स्लॅब दिवसभराची ऊब रात्री दहापर्यंत सोडत राहतो, आणि कुणी चाललं की चित्र थरथरतं. शेजारच्या पत्र्यावरून दिसणारा ग्रहही असाच उकळतो. दुर्बीण बघण्याआधी पाऊण तास बाहेर ठेव, आरसा हवेइतका गार व्हायला हवा. टॉर्चला आकाशकंदिलाचा उरलेला लाल जिलेटीन कागद दोन पदरी लाव. डोळे अंधाराला सरावायला अर्धा तास लागतो, मोबाइलच्या एका झटक्यात तो वाया जातो. आजोबांचा नंबर साधा असेल तर चष्मा काढून त्यांना फोकस फिरवू दे. सिलिंडरचा नंबर असेल तर चष्म्यासकट. पुढे कधी काका नेणार असतील तर यवतेश्वरच्या वर, कास रस्त्याला. शहराचा उजेड पूर्वेला राहतो आणि दक्षिण-पश्चिम अंधारी मिळते. चाळकेवाडीचं पठार जास्त अंधारं आहे, पण पवनचक्क्या तिथे उगाच नाही लावलेल्या. वाऱ्यात ही नळी स्थिर राहत नाही.

दव पडलं तर आरसा पुसायचा नाही. झाकण न लावता नळी घरात आडवी ठेव, सकाळी वाळल्यावरच झाक. ओलं झाकलं की बुरशी धरते, आणि साताऱ्याच्या पावसाळ्यात तिला आणखी काही लागत नाही. जूनच्या आधी आयपीस हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेव. दाण्यांचा रंग बदलला की गरम करून पुन्हा वापरता येतात, पण स्वयंपाकाच्या भांड्यात नाही. बैठक भिंतीपासून दूर आणि जमिनीपासून उचलून ठेव. पार्टिकल बोर्ड एकदा फुगला की परत बसत नाही.

खोक्यातल्या अॅलन की एका पिशवीत घालून बैठकीलाच बांधून ठेव.

तुझी,
आई