‘साथ दिली’ म्हणजे नेमकं काय केलं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या मागच्या रविवारच्या पुरवणीत शिडाच्या बोटीतून अटलांटिक पार केलेल्या एका जोडप्यावर पानभर लेख होता, फोटो तर फारच सुंदर, सूर्यास्त वगैरे, तो आम्ही दोघांनी इथे बसून ऑनलाइन वाचला आणि वाचून झाल्यावर नवरा म्हणाला "छान आहे की" आणि मी म्हटलं, यात ती बाई काय करत होती ते कुणीतरी मला सांगा. कारण अख्ख्या लेखात त्याने शीड उभारलं, त्याने वादळाला तोंड दिलं, त्याने मार्ग काढला, आणि तिने काय केलं तर साथ दिली. एकदा नाही, तीनदा साथ दिली. मी मोजलं.

म्हणून हे पत्र. रागाने लिहीत नाहीये, म्हणजे थोडं रागानेच.

मी मूळची मालवणची, हल्ली बरीच वर्षं ऑकलंडला. आमच्याकडे एक ३८ फुटी जुनी बोट आहे, दोघांच्या नावावर, तिचं लोनसुद्धा दोघांच्या नावावर होतं. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात आम्ही दोघंच तिच्यातून न्यूझीलंडहून फिजीला गेलो. इथे उत्तरेला बे ऑफ आयलंड्समध्ये ओपुआ नावाचं बंदर आहे, तिथून फिजी साधारण ११०० सागरी मैल, दोन हजार किलोमीटर धरा. विमानाने तीन तास, आम्हाला ९ दिवस लागले.

मे महिनाच का, तर नोव्हेंबर ते एप्रिल तिकडे चक्रीवादळांचा सीझन असतो, त्यामुळे सगळ्या बोटी एप्रिल संपायची वाट बघत ओपुआला खोळंबून असतात. आपल्याकडे नारळी पौर्णिमेआधी होडी पाण्यात घालत नाहीत तसंच, फक्त नारळ नाही. (मी टाकला. घरून निघताना घेतला होता, नवरा म्हणाला वजन कशाला वाढवतेस, पण धक्का सुटल्यावर त्यानेच आठवण केली.) न्यूझीलंडची बोट असेल तर परदेशी निघण्याआधी तिची सेफ्टी तपासणी करून सर्टिफिकेट घ्यावं लागतं, त्याशिवाय जाता येत नाही. आमच्या तपासणीसाने लाइफराफ्ट, औषधांचा डबा, डोलकाठीच्या तारा सगळं पाहिलं आणि मग नवऱ्याला सोडून माझ्याकडे वळून विचारलं, हा रात्री पाण्यात पडला तर तू एकटी काय करशील, क्रमाने सांग. मी सांगितलं. मग त्याला विचारलं, ही पडली तर? आमचे हे दोन पायऱ्या विसरले. तुमच्या वार्ताहराने त्या जोडप्याला हा एकच प्रश्न विचारला असता ना तरी लेख वेगळा झाला असता.

वाऱ्याचं गणित असं असतं की कमी दाबाचा पट्टा पुढे सरकला की त्याच्या पाठीमागून नैऋत्येचा वारा येतो, तो पाठीवर घेऊन निघायचं, गारठ्यात चार दिवस काढायचे आणि मग शाळेत भूगोलात घोकलेले ते आग्नेय व्यापारी वारे लागतात. परीक्षेत मला त्या नकाशातले बाण कधी बरोबर काढता आले नाहीत. पाचव्या दिवशी सकाळी अंगावरचा तिसरा स्वेटर काढताना कळलं की आपण त्या बाणावर बसलोय.

आता लोकांचा ठरलेला प्रश्न. रात्री बोट कुठे थांबवता? अहो कुठेच नाही. खाली हजारो मीटर पाणी, नांगर टाकणार कुठे, ती चोवीस तास चालूच असते, आणि म्हणून चोवीस तास कुणीतरी जागं असावं लागतं. दोघंच असलात तर एक जागा आणि एक झोपलेला, एवढाच हिशेब आहे. आमच्या रात्रीच्या पाळ्या तीन-तीन तासांच्या, नऊ ते बारा मी, बारा ते तीन तो, तीन ते सहा परत मी, आणि दुसऱ्या रात्री उलटं. पाळीवरच्या माणसाच्या गळ्यात स्वयंपाकघरातला टायमर, बारा मिनिटांवर लावलेला, तो वाजला की उठून चारी बाजूंना क्षितिज बघायचं, कारण आत्ता क्षितिजावर टिंबाएवढं दिसणारं मालवाहू जहाज वीसेक मिनिटांत अंगावर येऊ शकतं आणि त्याला तुम्ही दिसालच याची काही खात्री नसते. हल्ली जहाजांची नावं-वेग सांगणारा स्क्रीन असतो, आमच्याकडेही आहे, पण डोळे ते डोळे.

आणि ते सूर्यास्ताचे फोटो. दोघांनी एकत्र बसून सूर्यास्त बघायचा म्हणजे कुणाची तरी झोप मोडायची. नऊ दिवसांत आम्ही तो दोनदा बघितला. बाकी आमचा संसार म्हणजे पाळी बदलताना दहा मिनिटं, "वारा वाढतोय, मागच्या तासात एक जहाज गेलं, चहा थर्मासमध्ये आहे", झालं, आणि मग त्याच्या अंगाने गरम झालेल्या त्याच बिछान्यात मी. एकच बिछाना, वाऱ्याच्या विरुद्ध बाजूचा, बोट कलते तेव्हा खाली पडू नये म्हणून कडेला कापड बांधलेलं, अगदी तान्ह्या बाळाच्या झोळीसारखं. एवढ्याशा बोटीत राहून नवऱ्याची आठवण यायची मला, विश्वास ठेवा न ठेवा.

पहिले दोन दिवस तो आडवा होता. बोट लागणं काय असतं ते ज्याला लागते त्यालाच माहीत, उलट्या, आणि मग उलटीलाही काही नाही. मी त्याला आलेपाकाची एकेक वडी तोंडात धरायला द्यायचे, त्याच्या रात्रीच्या पाळीतला एक-एक तास मी ओढला. हे मोठेपणासाठी सांगत नाही, पुढे इंजिनचा पट्टा तुटला तेव्हा मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं आणि तो डोकं खाली पाय वर करून तासभर त्या डिझेलच्या वासात होता. आणि खिचडी तोच माझ्यापेक्षा चांगली करतो. तिथली शेगडी झोपाळ्यासारखी झुलती असते, बोट कितीही कलली तरी ती सरळ राहते, कुकर दोरीने बांधायचा आणि शिट्टी झाली की दोघांपैकी जो झोपलेला असेल तो दचकून उठतो.

चौथ्या रात्रीचं सांगते, कारण तेच सांगायला एवढं सगळं लिहिलं. माझी पहाटेची पाळी असायची ती रात्र, पण मी थोडी आधीच उठून वर आले होते, पावणेतीन वाजले असतील. ऑटोपायलटने बीप केलं आणि बोट वाऱ्याच्या दिशेला वळायला लागली, शीड फडफडायला लागलं, तो आवाज एवढा मोठा असतो की वाटतं आता फाटणारच. मी सुकाणू धरलं. नवरा टॉर्च डोक्याला बांधून मागच्या कप्प्यात शिरला, सुकाणूच्या दांड्याला ऑटोपायलट जोडणारा बोल्ट ढिला होऊन निसटला होता आणि तो बोल्ट कप्प्याच्या तळाशी, दोऱ्या आणि बादल्यांच्या खाली कुठेतरी. त्याला शोधायला, बसवायला, घट्ट करायला दोन तास लागले. ते दोन तास बोट माझ्या हातात.

होकायंत्राच्या लाल दिव्याकडे एकटक बघून चालवलं ना की दहा मिनिटांत मळमळतं. म्हणून समोर एखादा तारा धरायचा. आम्ही उत्तरेकडे चाललो होतो, जरा पूर्वेला धरून, आणि बरोब्बर समोर, नाळेच्या म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाच्या किंचित वर, एकच ठळक निळसर पांढरा तारा होता. अभिजित. लहानपणी आजोबा अंगणात बसून नक्षत्रं म्हणून घ्यायचे, सत्तावीस झाली की म्हणायचे आणखी एक आहे गो, अभिजित, पण त्याला यादीत घेत नाहीत. मालवणात तो पार वर चढतो, इथे खाली, उत्तर क्षितिजाच्या जवळ. लाट मागून यायची, बोटीचं ढुंगण उचलायची (सॉरी, पण दुसरा शब्द नाही), नाळ डावीकडे जायला बघायची, मी सुकाणू उजवीकडे दाबायचे आणि अभिजित परत डोलकाठीच्या तारेला येऊन टेकायचा. खालून नवऱ्याचा आवाज, "जरा स्थिर ठेव". मी म्हटलं, समुद्राला सांग. मध्ये एकदा पावसाची सर दिसली, म्हणजे तिकडचे तारे गायब झाले, आणि मी त्याला न विचारता शीड आखडायचं ठरवलं, त्याला वर बोलावलं, सुकाणू त्याच्या हातात दिलं, हार्नेसचा हूक अडकवला आणि डोलकाठीपाशी जाऊन शिडाच्या दोन पट्ट्या कमी करून आले. आमचा नियमच आहे, दुसरा जागा असल्याशिवाय कुणी कॉकपिटच्या, म्हणजे सुकाणूपाशी बसायच्या जागेच्या, बाहेर पाय टाकायचा नाही. त्याला वाटलं मी घाई करतेय. सर आली तेव्हा काही बोलला नाही.

आता तुमच्या लेखाच्या हिशेबाने त्या रात्री कुणी कुणाला साथ दिली?

तुम्ही म्हणाल एवढ्याशा शब्दावरून काय. पण बघा ना, नौदलाच्या लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. या दोघीच जणी २ ऑक्टोबर २०२४ ला गोव्यातून तारिणी नावाची शिडाची बोट घेऊन निघाल्या आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून २९ मे २०२५ ला परत आल्या, ५६ फुटी बोट, तीही गोव्यातच बांधलेली, वाटेत इथे न्यूझीलंडात लिटलटन बंदरातही थांबल्या होत्या. दोघंच माणसं, एक जागी एक झोपलेली, आमच्यासारखंच, फक्त नऊ दिवसांच्या जागी आठ महिने. तेव्हा कुणी लिहिलं का रूपाच्या धाडसाला दिलनाची साथ? नाही लिहिलं, कुणाच्या डोक्यातही आलं नाही, दोघींनी मिळून केलं असं लिहिलं. मग तेच काम नवरा-बायकोने केलं की शब्द का बदलतो?

आणि जुनं उदाहरण हवं असेल तर मॉरिस आणि मॅरलिन बेली. हे इंग्लंडचं जोडपं न्यूझीलंडलाच यायला निघालं होतं. १९७३ च्या मार्चमध्ये पॅसिफिकमध्ये व्हेलची धडक बसून त्यांची ३१ फुटी बोट बुडाली आणि ते रबरी तराफ्यावर ११७ दिवस राहिले, शेवटी एका कोरियन मासेमारी जहाजाने त्यांना उचललं. मॅरलिनला पोहताही येत नव्हतं. पण सेफ्टी पिना वाकवून गळ तिने केले, पुढे सुटल्यावर काय काय खायचं त्याचे मेन्यू ठरवत बसणारी तीच, आणि मॉरिसने स्वतः नंतर सांगितलं की आपण जगलो ते तिच्यामुळे. त्याने साथ दिली म्हणा हवं तर.

आमच्या मालवणात मी लहान असताना बायका होडीत चढायच्या नाहीत, पण रापण, म्हणजे किनाऱ्यावर ओढायचं मोठं जाळं, आली की किनाऱ्यावर टोपल्या घेऊन हजर, मासळीचा भाव त्या ठरवणार, पैसा त्या मोजणार, आणि तांडेलाने, म्हणजे होडीच्या म्होरक्याने, घरी गेल्यावर हिशेब बायकोलाच द्यायचा. तिथे कुणी तिला ‘साथ देते’ म्हणालं असतं तर तिने टोपली डोक्यात घातली असती.

फिजीहून परत आल्यावर इथल्या एका मराठी ग्रुपने आमचा कार्यक्रम ठेवला. फोन आला तो नवऱ्याला, तासभर अनुभव सांगाल का म्हणून. मग त्याच बाईंनी मला फोन केला, म्हणाल्या, तुम्ही काय आणाल, साठ माणसांना पुरेल असं काहीतरी. मी साबुदाण्याचे वडे घेऊन गेले, चांगले झाले होते, आणि मग सरळ माइक घेतला आणि चौथी रात्र सांगितली. नवरा मागे उभा राहून स्लाइड बदलत होता.

तुम्ही लेख जरूर छापत जा, आम्ही वाचतो. फक्त पुढच्या वेळी वार्ताहराला एवढंच सांगा की पाळ्यांचं टाइमटेबल मागून घे.

आपली नियमित वाचक,
मूळ गाव मालवण, हल्ली मुक्काम ऑकलंड

ता.क. आलेपाक वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून नेऊ नये, समुद्राच्या दमट हवेत तो कागदाला चिकटतो. आमचा तिसऱ्या दिवशी चिकटला, अर्ध्या वड्या छापील मजकुरासकट खाल्ल्या.