डोमच्या पायऱ्या

प्रिय चिकू,

रविवारी तू फोन कट केला त्याला आज चार दिवस झाले. आई म्हणे तुम्हीच चुकले, तुम्हीच मेसेज करा, म्हणून टाइप करून राहिलो, एका बोटाने, वेळ लागतो. "लोन काढून पोरीला चर्च पाहायला पाठवलं का" हे मी बोलायला नको होतं. तोंडातून निघून गेलं. अभ्यास तू करते, मला माहीत आहे.

आणि समोरच्या काकू काय म्हणतात त्याची मला काडीची चिंता नाही. नाताळला रेल्वे कॉलनीतल्या चर्चमध्ये गव्हाणी पाहायला सायकलवर मीच न्यायचो ना तुला, केक खाऊन यायची. माझी चिंता वेगळीच आहे. तू जर्मनीतून कोलोनचे अठ्ठावीस फोटो पाठवले, मी मोजले. खांब आहेत, काचा आहेत, मेणबत्त्या आहेत, तुझ्यासोबत माणूस एकही नाही.

बरं ते जाऊ दे. तू चिडून सांगितलं ना की पप्पा आधी वाचा मग बोला, तर वाचलं मी. डोमचं, म्हणजे त्या कोलोनच्या मोठ्या चर्चचं, काम १२४८ ला सुरू झालं आणि १८८० ला संपलं. मधे काम बंद पडलं आणि अर्धवट बुरुजावर क्रेन तशीच उभी, जवळजवळ चारशे वर्षं! आपल्याकडे उड्डाणपूल चार वर्षं रखडला तर लोक शिव्या देतात. महायुद्धात चौदा बॉम्ब पडले तरी इमारत उभी राहिली, आणि स्टेशन तर अगदी दारातच, हे वाचून मला उगाच बरं वाटलं, गाड्यांचा आवाज असेल म्हणजे तुला घरासारखं वाटत असेल.

पण सगळ्यात भारी ती सेंट पीटर घंटा. १९२३ साली ओतलेली, २४ टन. आपलं डब्ल्यूएजी-सेव्हन इंजिन १२३ टनांचं, म्हणजे पाच घंटा मिळून एक इंजिन. २०११ च्या जानेवारीत तिचा लोलक तुटून खाली पडला म्हणे. मी आमच्या शेडच्या ग्रुपवर टाकलं तर रिटायर झालेले सगळे फिटर लागले कामाला, कोणी म्हणे वेल्डिंग, कोणी म्हणे पिन, रात्री अकरापर्यंत चाललं. लोखंडबी थकतं म्हटलं मी.

तू म्हणाली क्लास सुटला की ग्रोस सांक्ट मार्टिन चर्चमध्ये जाऊन तासभर बसते, तिथे बसलं की बरं वाटतं. मग एरवी बरं वाटत नाही का बेटा? हे विचारायचं नाही असं ठरवून बसलो होतो. तिकडे हिवाळ्यात साडेचारलाच अंधार पडतो. रूमवर वेळेवर जा, सोबत कोणी असलं तर बरं, मिस्सा चालू असली की मधे फिरू नको, फोटो काढू नको, कोणाची प्रार्थना चालू असते... झालं माझं लेक्चर सुरू. सॉरी. हे तुला मी काय सांगायचं, चांगदेवच्या देवळात मोबाइलवर बोलतो म्हणून मलाच रागावली होती तू.

तिथली ती महाशिवरात्रीची यात्रा आठवते का, तू पाच वर्षांची असशील. गर्दीत हात सुटला. मी संगमापर्यंत धावत गेलो, आई रडून रडून बेजार, आजी मुक्ताईला नवस बोलत बसली, आणि तू देवळाच्या मागच्या बाजूला भिंतीला टेकून एकटीच बसलेली, फुटाणे खात. रडत नव्हती. उलट मला म्हणाली, पप्पा तुम्ही कुठे हरवले होते? पण तेव्हा मी अर्ध्या तासात पोचलो होतो गं.

मला अभिमानच आहे. आपल्या घरात कोणी बारा रोमनेस्क, म्हणजे गोल कमानींच्या जुन्या पद्धतीच्या, चर्चची यादी करून एकेक पाहत फिरेल असं आजीला तरी वाटलं असतं का. सेंट उर्सुलातल्या त्या हाडांनी सजवलेल्या भिंती मात्र आईला दाखवू नको, तिने रात्री लाईट चालू ठेवून झोपायचं ठरवलं. ती विचारते, चपला बाहेर काढतात का? नाही म्हणून सांगितलं तर तिला पटत नाही. कळण्याचं पीठ आणि पापड पुढच्या महिन्यात गोलूचा मित्र येतोय त्याच्यासोबत पाठवतो, वांगी तिकडची भरताला चालणार नाहीत, पण प्रयत्न करून पाहा. दोघींना पुरेल एवढं पीठ बांधतोय, म्हणजे कोणी असलं तर.

पाठवायच्या आधी फोटो परत एकदा पाहिले. तो बुरुजावरचा, ५३३ पायऱ्या चढून गेली तो. मी म्हटलं सेल्फी आहे, पण आईने मोठा करून पाहिला, त्यात तुझे दोन्ही हात दिसतात, जाळीला धरलेले, आणि तू हसून राहिली.

आई विचारते, मग काढला कोणी?

पप्पा