पाण्याच्या बॅटरीत मायनस बाजूचं काय?

मा. संपादक,
स. न.

पाण्यावर चालणाऱ्या लिथियम बॅटरीवरचा लेख वाचला. विषय घेतलात त्याचा खरंच आनंद झाला, पण "मीठ भरपूर घातलं की पाणी बांधलं जातं आणि मग त्याचं विघटन होत नाही" एवढ्यावरच सगळं आटोपलंय आणि नेमकी तिथेच गोष्ट अर्धवट राहते.

मीठ भरपूर म्हणजे किती ते आधी सांगायला हवं होतं. २०१५ मध्ये मेरीलँड विद्यापीठातले चुनशेंग वांग आणि अमेरिकन लष्कराच्या रिसर्च लॅबमधले कांग शू यांच्या टीमने जे द्रावण केलं त्यात १ किलो पाण्याला जवळपास ६ किलो लिथियमचं मीठ होतं, म्हणजे एका लिथियम आयनच्या (विद्युतभार असलेल्या कणाच्या) वाट्याला सरासरी २.६ पाण्याचे रेणू, मोकळं पाणी जवळपास उरतच नाही. एरवी पाणी १.२३ व्होल्टच्या पुढे टिकायची हमी नसते, ते इथे ३ व्होल्टपर्यंत गेलं. इथवर लेख बरोबर आहे.

पण बॅटरीचा निकाल द्रावणाच्या मध्यभागी लागत नाही, तो लागतो इलेक्ट्रोडला चिकटून असलेल्या एक-दोन नॅनोमीटरमध्ये, आणि तिथे दोन बाजूंचं चित्र अगदी वेगळं असतं. प्लस बाजूला मिठाचे मोठाले ऋण आयन दाटीवाटीने येऊन बसतात आणि पाण्याला मागे रेटतात, उत्तम. मायनस बाजूला मात्र हेच आयन दूर ढकलले जातात, ओढला जातो लिथियम, आणि तो एकटा येत नाही, आपलं पाणी अंगाला लावूनच येतो! म्हणजे जिथे पाणी अजिबात नको, जिथे हायड्रोजन सुटायची भीती, तिथेच ते जमा होतं. कॉम्प्युटर सिम्युलेशनमध्ये हे दिसलंय आणि २०१८ मध्ये मॅकएल्ड्र्यू, बझांट, कोर्निशेव्ह वगैरेंनी मांडलेली थिअरीही हेच सांगते.

मग बॅटरी चालते कशी? तर मिठाच्या ऋण आयनचं तिथे विघटन होऊन लिथियम फ्लोराइडचा पातळ थर बसतो, लिथियमला वाट देतो आणि पाण्याला अडवतो. सगळी भिस्त या थरावर आहे, आणि तो कच्चा राहिला तर चार्ज नुसता ठेवल्या ठेवल्या उतरत जातो. २०१७ मध्ये वांग आणि शू यांच्याच मंडळींनी मायनस इलेक्ट्रोडवर आधीच पाणी न धरणाऱ्या जेलचा लेप दिला तेव्हा कुठे बॅटरी ४ व्होल्टला पोचली. नुसतं मीठ पुरत असतं तर या लेपाची गरजच काय होती?

आणखी एक, लेखात म्हटलंय की द्रावण जितकं घट्ट, म्हणजे त्यात मीठ जितकं जास्त, तितका चार्जचा प्रभाव पृष्ठभागापासून लवकर संपतो. पुस्तकात तसंच आहे आणि पातळ द्रावणात ते खरंही आहे, ०.०१ मोलरला (मोलर म्हणजे एका लिटरमध्ये मीठ किती याचं माप) हा प्रभाव साधारण ३ नॅनोमीटरपर्यंत पोचतो, १ मोलरला ०.३. पण अभ्रकाचे दोन अगदी सपाट पापुद्रे समोरासमोर आणायचे, मधे द्रावण ठेवायचं आणि त्यांच्यातलं बल मोजायचं, अशा प्रयोगांतून ऑक्सफर्डच्या सुझन पर्किन यांच्या गटाने २०१६ मध्ये दाखवलं की खूप घट्ट द्रावणात हे अंतर उलट वाढायला लागतं, काही नॅनोमीटरपर्यंत जातं. असं का होतं यावर अजून वाद चालू आहे, सगळ्या सिम्युलेशनमध्ये ते दिसत नाही, आणि मला तरी या विषयातला हाच सगळ्यात ओढ लावणारा भाग वाटतो, तो वाचकांपर्यंत पोचायलाच हवा.

तेव्हा विनंती एवढीच की पुढच्या वेळी अशा बॅटरीची बातमी देताना व्होल्टचा आकडा देऊन थांबू नका, मायनस बाजूला पाणी कशाने अडवलंय आणि बॅटरी नुसती ठेवली तर चार्ज किती टिकतो हेही संशोधकांना विचारून छापा.

आपला,
एक नियमित वाचक