तीन टिंबांमागचा हिशेब

संपादक महोदय,

सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकणाऱ्याची पहिली ओळ बहुधा ‘प्रिंटएफ’ची, म्हणजे पडद्यावर मजकूर छापणाऱ्या फंक्शनची, असते. तिला कधी एक आर्ग्युमेंट (फंक्शनला दिलेले मूल्य), कधी सहा. अशा फंक्शनच्या घोषणेत शेवटी तीन टिंबे (...) असतात, म्हणजे पुढे कितीही आर्ग्युमेंट चालतील. हे जमते कसे, हा भाग मात्र व्हीए_लिस्ट (आर्ग्युमेंटांची यादी), व्हीए_स्टार्ट (वाचन सुरू), व्हीए_आर्ग (पुढचे आर्ग्युमेंट), व्हीए_एंड (वाचन संपले) हा क्रम पाठ करून उरकला जातो. उत्तरपत्रिकेत क्रम बरोबर येतो आणि प्रोग्रॅम चुकतो.

किती आर्ग्युमेंट आली, कोणत्या प्रकारची आली, हे फंक्शनला कोणी सांगतच नाही. प्रिंटएफ तरी कुठे मोजते? ती फॉरमॅटमधल्या, म्हणजे छापायच्या मजकुराच्या साच्यातल्या, ‘%’च्या खुणांवर विश्वास ठेवते, इतकेच.

नेहमीचे उदाहरण सरासरीचे. पहिले आर्ग्युमेंट संख्या किती ते सांगणार, पुढच्या संख्या डबल (दशांश संख्येचा प्रकार) म्हणून वाचायच्या. सरासरी(3, 10.0, 20.0, 30.0) ठीक चालते. दशांश गाळून 10, 20, 30 लिहिले की उत्तर काहीच्या बाही. 64 बिटच्या लिनक्सवर इंट (पूर्णांक) एका जातीच्या रजिस्टरांतून, म्हणजे प्रोसेसरमधल्या छोट्या साठवणजागांतून, जातात, डबल दुसऱ्या. फंक्शन दुसरीकडे शोधते आणि तिथे पडलेला कचरा उचलते. तीन टिंबांच्या जागी प्रकार लिहिलेला नसल्याने कंपायलर (प्रोग्रॅमचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा) गप्प.

याच टिंबांतून जाताना फ्लोटचा (छोट्या दशांश प्रकाराचा) डबल होतो, कॅरॅक्टर आणि शॉर्टचा इंट. म्हणून व्हीए_आर्गमध्ये ‘फ्लोट’ लिहिणे चूकच. जीसीसी (एक सी कंपायलर) तसा इशारा देते, पण तो वाचतो कोण!

यादीचा शेवट नलने (कुठलाच पत्ता नसलेल्या पॉइंटरने; पॉइंटर म्हणजे मेमरीतला पत्ता) दाखवायचा असेल, तर (कॅर *) असे कास्ट करूनच, म्हणजे त्याचा प्रकार स्पष्ट लिहूनच, नल द्यावा. दुसरा प्रोग्रॅम चालवणाऱ्या एक्झेकएल या फंक्शनला तो तसाच लागतो. नल म्हणजे नुसते 0 असेल, तर 32 बिटांचा इंट जातो आणि 64 बिटांच्या पॉइंटरच्या उरलेल्या अर्ध्या भागाची हमी नसते.

तोच संदेश पडद्यावर आणि लॉग फाइलमध्ये लिहायचा, तर एकच यादी व्हीप्रिंटएफ (पडद्यासाठी) आणि मग व्हीएफप्रिंटएफला (फाइलसाठी) देऊ नये; पहिल्या वाचनानंतर ती यादी भरवशाची राहत नाही. सी99मधील (सी भाषेच्या 1999च्या मानकातील) व्हीए_कॉपीने आधीच प्रत काढावी, आणि त्या प्रतीलाही व्हीए_एंड लावावे. जुन्या 32 बिट मशीनवर प्रतीशिवायही चालून जाते, म्हणून ही चूक लपते.

प्रात्यक्षिकात निदान ‘-डब्ल्यूऑल’ हा कंपायलरचे इशारे चालू करणारा पर्याय सक्तीचा करावा. प्रिंटएफच्या धर्तीवर स्वतः लिहिलेल्या फंक्शनला जीसीसीचे फॉरमॅट अ‍ॅट्रिब्यूट (प्रिंटएफ, 1, 2) ही सूचना जोडली (1 ही फॉरमॅटची जागा, 2 ही तपासायच्या पहिल्या आर्ग्युमेंटची), तर ‘%’च्या खुणा आणि आर्ग्युमेंट जुळतात का, हे कंपायलरच तपासतो. त्याला एक ओळ पुरते.

— एक वाचक, सांगली