कादंबरी आणि उपन्यास

धंतोली, नागपूर

प्रिय विजय,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या ओवीचा प्रश्न डोक्यातून जाईना. हिंदीच्या बाई ‘उपन्यास’ म्हणजे कादंबरी म्हणतात, बंगळुरूच्या कन्नड बाई भाषण म्हणतात, मग खरं कुणाचं? दोघींचंही. संस्कृतात उपन्यास म्हणजे जवळ ठेवणं, मुद्दा मांडणं. त्यातून कन्नड-तेलुगूनं व्याख्यान घेतलं, तमिळनं पुराणावरचं प्रवचन, मल्याळमनं निबंध. बंगाली-हिंदीत मात्र ती मोठी गोष्ट झाली. माझ्या मते दक्षिणेनंच मूळ अर्थ जास्त सांभाळला.

आपण तर दोन्ही शब्द ऐकत वाढलो. 1956 पर्यंत आपलं नागपूर मराठी-हिंदी अशा दुभाषी राज्याची राजधानी होतं, त्याचा हा वारसा.

पण मला बोलायचंय ते आपल्या शब्दाबद्दल. कादंबरी ही आधी दारू होती रे! विष्णुपुराणात कदंबाच्या ढोलीत वारुणी उतरते आणि वासानं बलराम तिकडे ओढला जातो. त्या कदंबावरून मद्याचं नाव कादंबरी. सातव्या शतकात, हर्षाच्या पदरी असलेल्या बाणभट्टानं ते आपल्या गंधर्वकन्येला दिलं, ग्रंथालाही दिलं, आणि ग्रंथ अर्धा टाकून तो गेला. पुढचा भाग मुलानं लिहिला. आरंभीच तो म्हणतो, कादंबरीच्या रसानं सगळे इतके मत्त झालेत की कुणाला कसली शुद्ध नाही, म्हणून माझ्या नीरस शब्दांनी उरलेलं जोडायला मला भीती वाटत नाही. वडिलांचं अर्धं राहिलेलं काम हाती घेताना त्याला हा श्लेष सुचला! मी तो श्लोक कितीदा वाचतो, दरवेळी गलबलतं.

मग एकोणिसाव्या शतकात नॉव्हेल आलं. आपल्याकडे 1857 मध्ये बाबा पदमनजींचं ‘यमुनापर्यटन’, गुजरातीत 1866 मध्ये ‘करण घेलो’. गुजरातीनं कानाला जुळणारा ‘नवलकथा’ शब्द काढला, उर्दूनं ‘नॉवेल’ तसाच ठेवला. मराठीनं एका नायिकेचं नाव उचललं आणि अख्ख्या साहित्यप्रकाराला दिलं. केवढं धाडस! गोष्टीनं झिंग चढते, हे त्या नावातच आहे.

आणि हे ओवीला मुद्दाम सांग: कन्नडमध्येही नॉव्हेलला कादंबरीच म्हणतात. तिनं बाईंकडून एखादी सोपी कन्नड कादंबरी मागून घ्यावी, आणि वाचून झाली की मला फोनवर गोष्ट सांगावी. वहिनींना नमस्कार.

तुझा,
मोहन