जखमी घरी गेले, पुढे काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कारखान्यात स्फोट झाला की आपल्याकडे सगळे ठरल्यासारखे होते. पहिल्या दिवशी मृतांचा आकडा, दुसऱ्या दिवशी पुढाऱ्यांच्या भेटी आणि मदतीच्या घोषणा, आठवडाभराने 'जखमींना घरी सोडले' अशी दोन ओळींची बातमी. घरी गेलेल्या माणसाचे पुढे काय झाले, हे पेपरात तर येत नाहीच, पण सरकारच्या कुठल्या रजिस्टरलाही सापडत नाही. पेपराचे एक वेळ समजू शकतो.

३१ ऑगस्ट २०१९ रोजी शिरपूर तालुक्यात वाघाडीजवळच्या रासायनिक कारखान्यात झालेला स्फोट वाचकांना आठवत असेल. दहाहून अधिक माणसे गेली, कितीतरी भाजली. माझे याच तालुक्यात मेडिकल आहे. त्या दिवशी जखमी झालेला एक मजूर अधूनमधून गोळ्या न्यायला येतो. पैसे किती झाले हे सांगितले की तो मान वळवून उजवा कान पुढे करतो. डाव्याने ऐकूच येत नाही. "टाका निंघी गयात, पन कान काही उना नई" (टाके निघाले, पण कान काही आला नाही), असे हसून सांगतो. रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत त्याने दवाखान्याचे डिस्चार्ज कार्ड जपून ठेवले आहे. त्यावर भाजल्याचे लिहिले आहे, टाक्यांचे लिहिले आहे. कानाचा शब्द नाही. स्फोटाच्या दाबाने कानाचा पडदा फाटतो. पडदा पुष्कळदा भरूनही येतो, पण आतल्या कानाला मार बसला असेल तर बहिरेपण राहते. तेव्हाच कानाची तपासणी होऊन कागद झाला असता, तर आज त्याला काही मागता आले असते. आता 'हे वयामुळे असेल' म्हणून कुणीही त्याला परत पाठवू शकतो.

न्यूयॉर्कचे उदाहरण मुद्दाम देतो. २००१ साली जुळे मनोरे कोसळले तेव्हा तिथल्या अग्निशमन दलाकडे आपल्या जवानांच्या फुफ्फुसांच्या आधीच्या तपासण्यांची नोंद होती. त्यामुळे धुळीत काम केल्यावर कुणाचा दम किती कमी झाला, हे आधीच्या आकड्याशी ताडून दाखवता आले. वाद घालायला जागा उरली नाही. पुढे कायदा होऊन २०११ पासून केंद्र सरकारचा आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. दरवर्षी तपासणी आणि त्या घटनेशी जोडलेल्या आजारांवर मोफत उपचार. त्यात मदतीला धावलेलेही आहेत आणि आसपास राहणारेही. मुदत २०९० पर्यंत आहे. म्हणजे मनोरे कोसळले तेव्हा जन्मलेले मूल नव्वदीला टेकेपर्यंत. अमेरिकेकडे पैसा आहे, मान्य. पण आधीची नोंद ठेवायला वही लागते, पैसा नंतर लागतो.

हिरोशिमा-नागासाकीचा धडा जरा वेगळा. तिथे अमेरिकनांनी १९४७ पासून लोकांना तपासायला सुरुवात केली, पण तपासायचे आणि औषध द्यायचे नाही, असा प्रकार होता. लोकांचा संताप साहजिक होता. १९५७ साली जपान सरकारने कायदा करून बाधितांना आरोग्य पुस्तिका दिली. ती दाखवली की तपासणी मोफत. सुमारे सव्वा लाख माणसांवर १९५० पासून ठेवलेल्या नजरेमुळेच कळले, की रक्ताचा कर्करोग काही वर्षांत वाढला, पण इतर कर्करोग त्यानंतर कितीतरी वर्षांनी वर आले. पंधरा दिवसांच्या शिबिरात हे दिसणे शक्य नव्हते.

आणि भोपाळ तर आपल्या भुसावळच्या लाइनवरच. १९८४ च्या वायुकांडानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने सुमारे ८० हजार लोकांची नोंद केली, अभ्यास चालवले आणि १९९४ मध्ये आवरते घेतले. परिषदेची पर्यावरण आरोग्याची राष्ट्रीय संस्था तिथे उभी राहिली ती २०१० मध्ये. मधल्या काळात माणसे घर बदलून गेली, मेली. तुटलेली साखळी नंतर कितीही पैसे ओतले तरी सांधता येत नाही.

भोपाळमुळेच १९८७ मध्ये तेव्हाच्या कारखाने कायद्यात ४१-सी हे कलम आले. धोकादायक रसायन हाताळणाऱ्या कामगाराची कामावर घेण्याआधी तपासणी, मग वर्षातून एकदा, आणि काम सोडल्यावरही. तरतूद न्यूयॉर्कच्या तोडीची आहे. पण ठेकेदाराच्या टेम्पोतून पाड्यावरून येणाऱ्या रोजंदारीच्या माणसाचे नाव हजेरीपटावर धड नसते, तिथे त्याचा दम कोण मोजणार? माझ्या काउंटरवर येणाऱ्यांपैकी कुणी तसा कागद आजवर दाखवलेला नाही.

आपल्याला हे जमणार नाही, असे कुणी म्हणू नये. नंदुरबार-धुळ्याच्या पाड्यांवर सिकलसेल या रक्ताच्या आजाराची कार्डे घरोघर गेली आहेत. टीबीच्या पेशंटने गोळी चुकवली तर आशाताई दारात उभी राहते. ज्या यंत्रणेला हे येते, तिला स्फोटातल्या शे-दोनशे माणसांची यादी जड आहे का?

माझी मागणी धुळे, जळगाव आणि नंदुरबारच्या तिन्ही जिल्हाधिकाऱ्यांकडे आहे. खान्देशात आता तीन शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. मोठ्या दुर्घटनेनंतर महिनाभराच्या आत बाधितांची यादी करून छाती, कान, डोळे आणि झोप-भीती यांची पहिली तपासणी नोंदवण्याचे काम त्यांच्याकडे सोपवावे. यादीत मदतीला धावलेलेही हवेत. जानेवारी २०२५ मध्ये पाचोऱ्याजवळ रुळांवर माणसे चिरडली गेली, तेव्हा जे मृतदेह उचलायला गेले त्यांना रात्री झोप लागते का, हे कुणी विचारले? तपासणीच्या दिवशी बुडालेली मजुरी द्यावी, नाहीतर दुसऱ्या वर्षी कुणी येणार नाही. आणि अहवालाची एक प्रत मराठीत त्या माणसाच्या हातात पडावी.

वाघाडीच्या जखमींसाठी पहिली तपासणी हुकली आहे. तरी त्यांच्या आजच्या कानाची आणि छातीची नोंद आजच्या तारखेने होऊ शकते. तेवढे शिरपूरच्या उपजिल्हा रुग्णालयापासून सुरू करावे.

– एक औषधविक्रेता, शिरपूर (जि. धुळे)