बिन रिकामा करू नका, बाबा

ती. बाबा आणि आई,
सा. न.

काल फोनवर तासभर "उजवं बटण दाबा", "कुठलं उजवं?" चाललं आणि शेवटी आईने फोन काढून घेतला. म्हणून कागदावर लिहून पाठवतेय. कीबोर्डशेजारी ठेवा.

आधी महत्त्वाचं. रिसायकल बिन रिकामा करू नका. आजीच्या पंच्याहत्तरीचे फोटो पुसले तरी सी ड्राइव्ह भरत आल्याची लाल पट्टी हलली नाही म्हणून तुम्ही चिडलात. हलणार कशी? पुसलेलं सगळं बिनमध्ये पडून असतं आणि तो बिनही सीवरच जागा अडवतो. केर काढून दाराआड लोटला, तसं झालं. या वेळी ते बरंच झालं म्हणा. बिन उघडा, कंट्रोल आणि ए दाबून सगळं निवडा, उजवं बटण, 'रिस्टोअर'. जिथले फोटो तिथे परत जातील.

फोटोंचा दोष नव्हताच. मागच्या आठवड्यात शेजारच्या मुलाने विंडोज 10 चं 11 करून दिलं, त्यानंतरच पट्टी लाल झाली ना? नवं विंडोज बसताना जुनं 'विंडोज.ओल्ड' फोल्डरमध्ये ठेवून देतं, नवं पटलं नाही तर मागे फिरता यावं म्हणून. ते कित्येक जीबी खातं, पण 10 दिवसांनी आपोआप निघतं. तेवढा धीर तुम्हाला धरवणार नाही, हे मला माहीत आहे. तर स्टार्टमध्ये 'डिस्क क्लीनअप' टाइप करा, सी निवडा, 'क्लीन अप सिस्टिम फाइल्स' दाबा, आणि 'प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन्स'पुढे खूण करा. मग 10 वर परत जाता येणार नाही. 'रिसायकल बिन'पुढे खूण असेल तर ती आधी काढा!

डाउनलोड्समध्ये 'पंचांग', 'पंचांग (1)' पासून 'पंचांग (6)' पर्यंत फाइली आहेत. एक ठेवा, बाबा. ग्रहमान तेच आहे.

डी, म्हणजे त्याच डिस्कचा सीशेजारचा दुसरा भाग, रिकामा आहे तर त्यातली जागा सीला का देत नाही, असं विचारलंत. डी आक्रसला की मोकळी जागा डीच्या पलीकडच्या टोकाला निघते, आणि सीला लागते ती अगदी लगतची. परसातली जागा मोकळी करून पुढची खोली वाढत नाही. त्यापेक्षा फोटोच डीवर नेऊ. डीमध्ये आधी 'फोटो' नावाचं फोल्डर करा. मग 'पिक्चर्स'वर उजवं बटण, 'प्रॉपर्टीज', 'लोकेशन', 'मूव्ह', आणि ते नवं फोल्डर दाखवा. नुसता डी दाखवू नका, त्याने घोळ होतो. पुढचे फोटोही तिथेच जातील.

आणि दुकानदाराने फसवलेलं नाही. डिस्क बनवणारे जीबी हजाराच्या पटीत मोजतात, विंडोज 1024 च्या, म्हणून 500 चे 465 दिसतात. त्याच्याशी भांडायला जाऊ नका.

आई, फोटो परत आले की आजी तुला पेढा भरवतेय तो आधी मला पाठव.

तुमची,
चिमी